फोनवरचा अँकर अलार्म : रात्री बोट जागची हलली तर कसं कळतं?

मी सोलापूरचा. आमच्याकडे नांगर म्हटलं की काळी माती आणि बैलजोडी, हल्ली ट्रॅक्टर. बोटीलाही नांगर असतो हे शाळेत वाचलं होतं. पण तो काम कसा करतो हे समजायला मला एक अख्खी रात्र लागली, तीही माझ्याच चुकीमुळे.

माझ्या मावसभावाकडे अलिबागला २८ फुटी केबिनवाली मोटरबोट आहे. मागच्या हिवाळ्यात पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी आम्ही राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या आतल्या बाजूला मुक्कामाला थांबलो. दादा म्हणाला, "तू मोबाइलवाला ना? मग अलार्म तू लाव." मी लगेच अ‍ॅप उघडलं. त्या रात्री अलार्म एकदा उगाच वाजला, आणि वाजायला हवा होता तेव्हा गप्प बसला. दोन्ही वेळा फोन बरोबर होता, चूक माझी होती.

नांगर वजनाने धरत नाही

बहुतेकांना वाटतं की नांगर जड असतो म्हणून बोट थांबते. आमचा नांगर जेमतेम १० किलोचा आणि बोट काही टनांची! वजनाच्या जोरावर हे जमणंच शक्य नाही. खरं काम शेतातल्या नांगरासारखंच होतं. ओढ जमिनीलगत असली की फाळ मातीत खोल शिरतो, ओढ वर उचलली की तो बाहेर येतो. १९३३ साली जेफ्री इन्ग्रॅम टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 'सीक्यूआर' नावाचा नांगर शोधला, तो तर सरळ शेतातल्या फाळाच्या आकाराचा आहे. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, ते उगाच नाही.

म्हणून प्रश्न असतो दोर किती सोडला याचा. हिशोब सोपा आहे : पाण्याची खोली, त्यात पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची, त्यात रात्रीत चढणारी भरती. या बेरजेच्या पाच ते सात पट दोर सोडायचा. दोर साधा आणि नांगराजवळ थोडीशीच साखळी असेल, तर रात्रीसाठी सात पट धरा. पूर्ण साखळी असेल तर तिच्या वजनाने ओढ खाली राहते, मग कमी चालतं. वारा जोराचा झाला की साखळीही ताणून सरळ होते, त्यामुळे तिच्यावरही फार विसंबू नका.

आम्ही कुठे चुकलो बघा. रात्री सव्वानऊला ओहोटी पूर्ण झाली होती. खोली ४ मीटर, पुढच्या टोकाची उंची १ मीटर, एकूण ५. आम्ही २० मीटर दोर सोडला, म्हणजे चौपट. रात्रीसाठी हेच कमी, पण जेवायची घाई होती. साडेतीनला भरती पूर्ण झाली तेव्हा पाणी जवळपास ३ मीटर चढलं होतं. आता एकूण ८ मीटर आणि दोर तोच २० मीटर, म्हणजे अडीच पट. दोर ताणला गेल्यावर त्याचा तळाशी होणारा कोन साधारण १४ अंशांवरून २३ अंशांच्या पुढे गेला. दोर सुटला नाही, तुटला नाही. पाणी चढलं आणि फाळ उचलला गेला, एवढंच.

अलार्म काय मोजतो?

अँकर अलार्म हे अगदी साधं गणित आहे. नकाशावर एक बिंदू, त्याभोवती वर्तुळ. जीपीएसने सांगितलेली जागा वर्तुळाबाहेर गेली की भोंगा वाजतो. प्ले स्टोअरवर अशी बरीच अ‍ॅप्स आहेत. ओपनसीपीएन या नकाशाच्या मोफत प्रोग्राममध्येही ही सोय आहे. इंटरनेट नसलं तरी चालतं, कारण फोन उपग्रहांचे सिग्नल थेट पकडतो. रेंज नसेल तर सुरुवातीला जागा सापडायला थोडा वेळ लागतो, बस्स.

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. केबिनच्या आत ही चूक वाढते. दोन फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या फोनमध्ये ती कमी होते, आणि काही फोन आता इस्रोच्या नाविक उपग्रहांचेही सिग्नल घेतात. पण पाच-दहा मीटरच्या फरकाने बोट बुडत नाही. बोट बुडते ती बिंदू चुकीच्या जागी लावल्याने.

बिंदू नांगर तळाला टेकतो त्या क्षणी, बोटीच्या पुढच्या टोकाशी उभं राहून लावायचा. मी तो जेवण झाल्यावर, अकरा वाजता केबिनमध्ये बसून लावला! तोवर बोट भरतीच्या ओढीने नांगरापासून खाडीच्या आत २४ मीटर सरकली होती. म्हणजे माझ्या वर्तुळाचा केंद्रबिंदू नांगर नव्हता, बोट होती. त्रिज्या ठेवली ३० मीटर.

चारच्या सुमारास ओहोटी लागली. पाणी उलटं वाहू लागलं, बोट नांगराभोवती फिरून समुद्राकडच्या बाजूला गेली. जागेत फरक पडला ४८ मीटर, आणि भोंगा सुरू. आम्ही दोघे धडपडत वर आलो. नांगर जागच्या जागी! दादा वैतागून पुन्हा झोपायला गेला. मी काय केलं असेल? त्रिज्या १२० मीटर केली आणि मीही आडवा झालो.

पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्या वेळी ओहोटीही समुद्राकडेच ओढत होती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो. त्यात नांगराला आता उलट दिशेने ओढ बसत होती, आणि दोर अडीच पट. पावणेपाचला एका मासेमारी होडीतल्या तांडेलाने जोरात हाक मारली, "ओ बोटवाले, वाहताय तुम्ही!" वर येऊन पाहिलं तर मागे खडक, त्यांच्यावर फुटणारा फेस चांदण्यात स्पष्ट दिसत होता. दादाने इंजिन सुरू केलं तेव्हा माझ्या अंदाजाने चाळीसेक मीटर अंतर उरलं होतं. फोन शांत. त्याच्या हिशोबाने आम्ही अजून वर्तुळातच होतो.

योग्य त्रिज्या किती हवी होती? दोर आडवा साधारण १९ मीटर, पुढच्या टोकापासून फोनपर्यंत ५, जीपीएसची चूक १० धरली तरी ३५ मीटरच्या आसपास. नंतर आम्ही जागा बदलली आणि ५६ मीटर दोर सोडला. तेवढा सोडायचा तर बोट फिरायला चारी बाजूंनी जागाही तेवढी लागते, म्हणून आधी शेजारच्या होड्या आणि जाळी बघून घ्यायची.

फोनची सेटिंग्ज

लोकेशनची परवानगी 'नेहमी' वर ठेवा. अँड्रॉइडमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर काही फोन अ‍ॅपच झोपवतात. डू नॉट डिस्टर्ब तपासा, आवाज पूर्ण ठेवा, चार्जर लावा. मग झोपायच्या आधी त्रिज्या मुद्दाम ५ मीटर करून भोंगा खरंच वाजतो का ते ऐका, आणि परत मूळ आकड्यावर आणायला विसरू नका.

अलार्म लावण्याआधी नांगर बसलाय की नाही हे फोनशिवाय तपासता येतं. इंजिन हळू रिव्हर्समध्ये टाकून दोर ताणा, मग थोडा जोर वाढवा. किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा निवडा, समजा एक माड आणि त्यामागचा दिवा. त्या एका रेषेत राहिल्या तर नांगर धरलाय. वरती सगळीकडून दिसेल असा पांढरा दिवा लावणं हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. त्या तांडेलाला आमची बोट दिसली ती याच दिव्यामुळे.

आणि आपलं उजनी?

बऱ्याच जणांच्या मनात हे येईल. उजनीत भरती-ओहोटी नाही, तळाला काळी चिकण माती, नांगरासाठी झकास. पण तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धरणाखाली जुनी गावं आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं मंदिर वर येतं ते तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. अशा भिंतींत, झाडांच्या खोडांत नांगर अडकला तर निघत नाही. म्हणून नांगराच्या मागच्या टोकाला वेगळी बारीक दोरी बांधून तिला बोया लावतात आणि अडकलाच तर उलट बाजूने ओढून काढतात.

दुसरी गोष्ट वळवाची. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक आलेल्या वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती बोट नांगरलेली नव्हती, पण त्या पाण्यावर वारा किती कमी वेळात उठतो हे त्यातून कळतं. मे महिन्यात ढग दाटले तर उजनीत नांगर टाकून रात्र काढूच नका, काठाला लागा. अलार्म बोट सरकल्यावर वाजतो. वाऱ्याची खबर तो आधी देत नाही.