मॅजिक : द गॅदरिंग या खेळातील लढाऊ क्षमता

'मॅजिक : द गॅदरिंग' हा ट्रेडिंग कार्ड गेम अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला. त्यातील प्रत्येक क्रीचर कार्डावर खाली उजवीकडे दोन आकडे असतात. पहिला, पॉवर, ते किती इजा करते हे सांगतो. दुसरा, टफनेस, ते किती इजा सोसते हे. हल्लेखोराने क्रीचर पुढे केले की बचाव करणारा त्यांतले कोणते अडवायचे ते ठरवतो. न अडवलेल्यांची इजा थेट खेळाडूच्या २० गुणांच्या जीवनसंख्येतून वजा होते. एरवी सगळी इजा एकाच क्षणी होते, म्हणून २/२ समोर २/२ आले की दोन्ही मरतात.

क्षमता हे गणित मोडतात. दोन क्षमता एकत्र आल्यावर होणारा गुंता सुटतो तो दोन प्रश्नांनी : इजा कधी होते, आणि किती इजा प्राणघातक ठरते?

पहिला प्रश्न फर्स्ट स्ट्राइकचा. ही क्षमता असली की इजेची आणखी एक पायरी आधी येते आणि त्या पायरीत मेलेल्याला उलट वार करता येत नाही. डबल स्ट्राइकवाले क्रीचर दोन्ही पायऱ्यांत वार करते. पण त्याने अडवणाऱ्याला पहिल्याच वारात मारले, तरी ते 'अडवलेले'च राहते. दुसरा वार वाया जातो. सोबत ट्रॅम्पल, म्हणजे अडवणाऱ्याला पुरून उरलेली इजा खेळाडूवर घालणारी क्षमता, असेल तर मात्र तो पूर्ण वार खेळाडूला बसतो.

दुसरा प्रश्न डेथटचचा आहे आणि खेळातली सर्वांत देखणी जोडी इथेच सापडते. ट्रॅम्पलवाल्याने अडवणाऱ्याला प्राणघातक तेवढी इजा देऊन उरलेली खेळाडूवर घालायची असते. डेथटच असेल तर एक गुणही प्राणघातक ठरतो. त्यामुळे या दोन्ही क्षमता असलेल्या ६/६ ला ५/५ ने अडवले, तर तिकडे एक गुण देऊन पाच खेळाडूवर घालता येतात. अडवणारे इन्डिस्ट्रक्टिबल असले तरी वाटप हेच : ते मरत नाही, पण खेळाडूचे पाच गुण जातातच. फर्स्ट स्ट्राइक आणि डेथटच एकत्र आले, तर १/१ सुद्धा महाकाय शत्रूला ओरखडाही न लागता लोळवते. समोरच्याकडेही फर्स्ट स्ट्राइक असेल, तर वार पुन्हा एकाच वेळी होतात.

लाइफलिंकमध्ये इजा करणारे क्रीचर ज्याच्या ताब्यात असते त्या खेळाडूला तितकेच गुण मिळतात. २००९ च्या नियमबदलानंतर ते इजेसोबतच मिळतात. तीन गुण उरलेल्या खेळाडूला तीनचा वार बसला, आणि त्याच क्षणी त्याच्या लाइफलिंकवाल्या क्रीचरने चारची इजा केली, तर तो चार गुणांवर जिवंत राहतो. आधीच्या नियमाने तो हरला असता. मात्र तो वार फर्स्ट स्ट्राइकचा असेल आणि लाइफलिंकवाल्याकडे तो नसेल, तर आजही गुण मिळण्याआधी डाव संपतो.

अनेक क्रीचरनी एकाला अडवले, तर इजा ठरावीक क्रमाने वाटायची हे बंधन २००९ मध्ये आले आणि २०२४ च्या 'फाउंडेशन्स' संचाबरोबर गेले. आता हल्लेखोर इजा हवी तशी वाटतो. जुने डाव आणि जुनी मार्गदर्शक पुस्तके अभ्यासताना वाचकाने ही दोन वर्षे ध्यानात ठेवावीत.