डीपफेक व्हिडिओ : कलम कोणतं लागतं, तक्रार कुठं करायची?

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एक व्हिडिओ मोबाईलवर फिरत होता. त्यात सचिन एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करतो आणि आपली मुलगीही हा गेम खेळून कमावते, असं सांगतो. चेहरा त्याचा, आवाजही त्याचाच वाटावा असा. पण सचिन असं कधी बोललाच नव्हता. त्यानं स्वतः व्हिडिओ खोटा असल्याचं जाहीर केलं आणि मुंबईत सायबर पोलिसांकडं गुन्हा दाखल झाला.

कॉम्प्युटरकडून बनवून घेतलेल्या अशा खोट्या व्हिडिओला, फोटोला किंवा आवाजाला डीपफेक म्हणतात. त्यासाठी माणूस प्रसिद्ध असावा लागत नाही. लग्नाच्या फोटोतला चेहरा आणि स्टेटसला ठेवलेला आवाज एवढ्यावर काम भागतं.

आपल्याकडं ‘डीपफेक’ नावाचं वेगळं फौजदारी कलम नाही. त्यावरून काही जण सांगतात की यात गुन्हाच होत नाही. हे साफ चूक आहे. अभिनेत्री रश्मिका मंदानाचा खोटा व्हिडिओ नोव्हेंबर २०२३ मध्ये पसरला, तेव्हा दिल्ली पोलिसांनी बनावटगिरी आणि ओळखचोरीची जुनीच कलमं लावली आणि जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातून एका तरुणाला उचललं. फॉलोअर वाढवण्यासाठी व्हिडिओ टाकला, असं तपासात पुढं आलं.

कोणतं कलम लागणार हे व्हिडिओ कशासाठी वापरला त्यावर ठरतं. दुसऱ्याची ओळख चोरली तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६क, आणि दुसरा कोणी असल्याचं भासवून मोबाईल-कॉम्प्युटरवरून फसवलं तर ६६ड. (इंग्रजीत हीच कलमं ‘सी’ आणि ‘डी’ म्हणून लिहिलेली दिसतील.) दोन्हीत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. “मामा, अ‍ॅक्सिडेंट झालाय, लगेच पैसे पाठव” असा भाच्याच आवाजात फोन येतो, तो प्रकार यात बसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरी करून फसवण्याला कलम ३१९ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्हिडिओ दाखवून पैसे मागितले तर ती खंडणी, कलम ३०८, ७ वर्षांपर्यंत.

बाईमाणसाचा चेहरा लावून लैंगिक व्हिडिओ केला तर कायदा जास्त कडक आहे. आयटी कायद्याच्या ६७अ खाली पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, आणि हा गुन्हा अजामीनपात्र. ६६क, ६६ड मध्ये मात्र जामीन हक्कानं मिळतो. इथं एक गोष्ट ग्रुपवाल्यांनी ध्यानात घ्यावी. ६७अ मध्ये बनवणाराच नाही, पुढं पाठवणाराही येतो. “मी फक्त फॉरवर्ड केला” ही सबब चालत नाही. व्हिडिओ अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा असेल तर ६७ब लागतं. त्यात असा मजकूर शोधणं, डाऊनलोड करणं हासुद्धा गुन्हा आहे.

गावाकडं खरी अडचण पोलीस ठाण्यात येते. “ही बदनामीची केस आहे, एनसी होईल, कोर्टात जा” असं सांगून माणसाला परत पाठवतात. बदनामीचं कलम ३५६ अदखलपात्र आहे, हे खरं. पण कोणाची अब्रू घालवण्यासाठी खोटं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड तयार करणं हे कलम ३३६(४) खाली वेगळा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षेचा, आणि तो दखलपात्र आहे. अर्जात हे कलम नावानिशी लिहा. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, म्हणून थेट पीआय साहेबांना भेटलेलं बरं. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. तरी नाकारली तर अर्ज लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं.

निवडणुकीच्या धामधुमीत उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं पसरवलं तर कलम १७५ आहे, पण त्यात नुसता दंड. माझ्या मते ही पळवाटच आहे. मतदान झाल्यावर दंड भरून कोणाचं काय बिघडतं? म्हणून तिथंही ३३६(४) चा आग्रह धरावा.

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, ठाण्यात नंतर जा. जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्याच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. ऑनलाईन तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साईटवर होते. महिला आणि मुलांच्या तक्रारीसाठी तिथं वेगळा विभाग आहे, नाव न देताही तक्रार करता येते.

व्हिडिओ काढून टाकायला फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांच्याकडंही रिपोर्ट करा. नग्न किंवा तोतया मजकुराबद्दल खुद्द पीडितानं तक्रार केली तर तो हटवायला २०२१ च्या नियमांत २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीत ती आणखी कमी केली. एआयनं बनवलेल्या मजकुरावर तसं लेबल लावणंही त्याच दुरुस्तीनं बंधनकारक झालं.

पण रिपोर्ट करायच्या आधी लिंक, खात्याचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, नाहीतर व्हिडिओ गेला की पुरावाही जातो. ज्या मोबाईलवर व्हिडिओ आला तो फॉरमॅट करू नका, विकू नका. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ मोबाईल हाताशी असलेला बरा.