लिनक्स डेस्कटॉप, व्हर्च्युअल मशीनमधील : अपग्रेडनंतरचे डिस्प्ले-बिघाड

व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, क्यूईएमयू–केव्हीएम, हायपर-व्ही यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी गेस्ट लिनक्स प्रणाली अपग्रेड केल्यावर तिच्या पडद्यात उद्भवणारे बिघाड. काळा पडदा, पासवर्ड दिल्यावर पुन्हा लॉगिनच समोर येणे, ८००×६०० किंवा १०२४×७६८ वर अडकलेले रेझोल्यूशन, खिडकी ताणली तरी आतला डेस्कटॉप न वाढणे, विस्कटलेले चित्र आणि असह्य मंदपणा ही त्यांची नेहमीची रूपे. बहुतेक वेळा अशा स्थितीत गेस्ट प्रणाली आतून व्यवस्थित चालू असते. फाइली, सेवा, नेटवर्क शाबूत असतात. फक्त चित्र पडद्यापर्यंत येत नाही. हे ध्यानात न घेता अनेक जण मशीनच पुसून नव्याने बसवतात आणि त्यात साठवलेले काम कायमचे जाते. म्हणून या नोंदीत दुरुस्तीपेक्षा निदानाला जास्त जागा दिली आहे.

मूळ कारण : व्हर्च्युअल मशीनमध्ये खरे ग्राफिक्स कार्ड नसते. होस्टवरील, म्हणजे मूळ संगणकावरील, सॉफ्टवेअर एका कार्डाचे सोंग आणते, गेस्टच्या कर्नलमधील ड्रायव्हर त्या कार्डाशी बोलतो आणि त्याच्यावर मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी, एक्स किंवा वेलँड ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी प्रणाली व अखेरीस डेस्कटॉप उभा राहतो. हे सर्व थर वेगवेगळ्या हातांत आहेत आणि त्यांचे वेळापत्रक एक नाही. गेस्टमध्ये अपग्रेड केले की कर्नल, मेसा आणि डेस्कटॉप एकाच रात्रीत बदलतात; होस्टवरचे सोंगाचे कार्ड मात्र मशीन पहिल्यांदा तयार केले तेव्हा निवडले होते तेच राहते. उलटही घडते : होस्टवर व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती येते आणि गेस्टमधील साहाय्यक मॉड्यूले जुनी उरतात. बिघाड जवळजवळ नेहमी या दोन वेगांच्या सांध्यात असतो.

इतिहास : २०१० पर्यंत व्हीएममधील लिनक्सला द्विमितीय चित्र पुरत असे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आणि उबुंटू ११.०४ मधील युनिटी आले आणि डेस्कटॉप रेखाटण्यासाठीच ओपनजीएल, म्हणजे त्रिमितीय चित्रणाची सोय, लागू लागली. सुरुवातीला पळवाट होती : ग्नोममध्ये ‘फॉलबॅक’ आणि उबुंटूत ‘युनिटी २डी’. ऑक्टोबर २०१२ च्या उबुंटू १२.१० मधून युनिटी २डी काढले गेले. मार्च २०१३ च्या ग्नोम ३.८ मधून फॉलबॅक गेले. त्यांची जागा मेसामधील एलएलव्हीएमपाइपने घेतली. ते त्रिमितीय काम मुख्य प्रोसेसरकडून करवून घेते. फेडोरा १७ ने २०१२ मध्ये ग्नोम शेल या मार्गाने चालवून दाखवले होते. तेव्हापासून व्हीएममध्ये ‘काहीच दिसत नाही’ ही तक्रार कमी होऊन ‘दिसते, पण फार हळू’ ही तक्रार वाढली. गेस्टला एकच प्रोसेसर-गाभा दिलेला असेल तर हा मंदपणा अटळ असतो; दोन किंवा चार गाभे दिल्यास लगेच फरक जाणवतो. पडद्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला ही गोष्ट सहसा सुचत नाही.

व्हर्च्युअलबॉक्स : जर्मनीतील इनोटेक कंपनीने हे सॉफ्टवेअर जानेवारी २००७ मध्ये मुक्तस्रोत स्वरूपात खुले केले. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. डिसेंबर २०१८ मधील ६.० आवृत्तीने मोठा बदल केला. तोवर गेस्टला ‘व्हीबॉक्सव्हीजीए’ हे कार्ड दिसे, ६.० पासून नव्या लिनक्स मशीनला ‘व्हीएमएसव्हीजीए’ मिळू लागले. म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमवेअरच्या कार्डाचे सोंग आणू लागले, आणि गेस्टमध्ये व्हीएमवेअरचाच ‘व्हीएमडब्ल्यूजीएफएक्स’ ड्रायव्हर चालू लागला. डिसेंबर २०१९ च्या ६.१ मध्ये व्हीबॉक्सव्हीजीएचा त्रिमितीय आधार काढला गेला. जुनी मशीने मात्र आपोआप बदलत नाहीत. ५.२ च्या काळात बनवलेले मशीन आजही जुन्याच कार्डावर चालत असते. होस्ट अपग्रेड झाल्यावर त्याचे त्रिमितीय कार्य जाते आणि दोष गेस्टवर येतो. लिनक्स गेस्टसाठी मशीन बंद करून सेटिंग्जमधील डिस्प्ले विभागात व्हीएमएसव्हीजीए निवडणे हा यावरचा पहिला उपाय. तिसरा पर्याय, ‘व्हीबॉक्सएसव्हीजीए’, विंडोज गेस्टसाठी आहे.

व्हिडिओ मेमरीचा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावा. प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास १९२०×१०८० च्या एका चौकटीला सुमारे ८ मेगाबाइट लागतात, ३८४०×२१६० ला सुमारे ३२. जुन्या लिनक्स मशीनला मूलतः १६ मेगाबाइट दिलेले असत. गेस्टमध्ये नवा डेस्कटॉप आला आणि होस्टला ४के मॉनिटर जोडला, की पूर्ण पडदा करताच सगळे काळे होते. मेमरी १२८ मेगाबाइटपर्यंत वाढवली की ही तक्रार तिथेच संपते. तरीही चित्र विस्कटलेले राहिले तर ‘३डी ॲक्सिलरेशन’ची खूण काढून पाहावी. हा उपाय मागे गेल्यासारखा वाटतो, पण व्हीएमएसव्हीजीए आणि नवा ग्नोम यांच्या जोडीत तो अनेकदा लागू पडतो.

‘गेस्ट ॲडिशन्स’ हा या विषयातील सर्वांत मोठा भाग. ही मॉड्यूले चालू असलेल्या कर्नलसाठी गेस्टमध्येच बांधली जातात. त्यासाठी जीसीसी, मेक आणि नेमक्या त्याच कर्नलच्या हेडर फाइली लागतात. अपग्रेडमध्ये कर्नल बदलला आणि हेडर आले नाहीत, तर बांधणी निष्फळ होते आणि रेझोल्यूशन अडकते. पूर्वी पुनर्बांधणीसाठी डीकेएमएस हे मॉड्यूले आपोआप बांधणारे साधन लागे. २०१६ च्या ५.१ पासून व्हर्च्युअलबॉक्सची स्वतःची यंत्रणा हे काम करते. हाताने करायचे तर ‘आरसीव्हीबॉक्सॲड सेटअप’ ही आज्ञा आहे, आणि ती का फसली हे ‘व्हार/लॉग’ मधील ‘व्हीबॉक्सॲड-सेटअप’ या लॉगमध्ये लिहिलेले असते. तो लॉग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. कर्नल होस्टवरील व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा नवा असेल तर बांधणी कितीही वेळा केली तरी बहुधा होत नाही. तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स अद्ययावत करावे किंवा काही दिवस जुन्या कर्नलवर राहावे.

दुसरा नेहमीचा गोंधळ दुहेरी स्थापनेचा. एकाने डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातील पॅकेज घातलेले असते, दुसऱ्याने सीडी-प्रतिमेतून गेस्ट ॲडिशन्स. अपग्रेडमध्ये एक बदलते, दुसरे जुनेच उरते आणि दोन्ही एकमेकांच्या फाइलींवर पाय देतात. एकच स्रोत ठेवावा. प्रस्तुत संकलकाच्या मते कर्नलच्या मुख्य झाडातच असलेला ड्रायव्हर हा बाहेरून बांधलेल्या मॉड्यूलपेक्षा नेहमी अधिक भरवशाचा. व्हर्च्युअलबॉक्सचा व्हिडिओ ड्रायव्हर २०१७ च्या ४.१३ मध्ये स्टेजिंग विभागात आला, गेस्ट मॉड्यूल २०१८ च्या ४.१६ मध्ये आणि सामायिक फोल्डरचे मॉड्यूल २०२० च्या ५.६ मध्ये. त्यामुळे आजच्या बहुतेक डिस्ट्रिब्युशनांत गेस्ट ॲडिशन्स नसल्या तरी पडदा उजळतो. खिडकीबरोबर आकार बदलण्यासाठी मात्र त्यांतील वापरकर्ता-कार्यक्रम लागतो.

सुरक्षित बूट चालू असलेल्या गेस्टमध्ये बांधणी यशस्वी होऊनही मॉड्यूल चढत नाही, कारण त्यावर मान्य सही नसते. मालकाची किल्ली ‘मोकयूटिल’ने नोंदवावी किंवा त्या मशीनपुरते सुरक्षित बूट बंद करावे.

निदान : क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रणाली जिवंत आहे का ते पाहावे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळांनी मजकूर-कन्सोल उघडतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी होस्ट-कळ आणि एफ३ दाबावे लागते, कारण मूळ जोडणी होस्टच पकडतो. क्यूईएमयू–केव्हीएमची मशीने चालवणाऱ्या व्हर्ट-मॅनेजरमध्ये ‘सेंड की’ हा मेनू आहे. कन्सोलही दिसत नसेल तर एसएसएचने आत जावे. नॅट नेटवर्क असल्यास होस्टचे २२२२ सारखे पोर्ट गेस्टच्या २२ कडे वळवता येते. एसएसएच सेवा अपग्रेडच्या आधी चालू करून ठेवणे शहाणपणाचे.

त्यानंतर ग्रब या बूट-मेनूच्या प्रगत पर्यायांतून आधीचा कर्नल सुरू करावा. मेनू दिसत नसेल तर बूट होताना बायोसमध्ये शिफ्ट, यूईएफआयमध्ये एस्केप. जुन्या कर्नलवर पडदा नीट आला तर दोष कर्नल-ड्रायव्हरच्या जोडीत आहे. तसाच बिघडलेला राहिला तर मेसा, डेस्कटॉप किंवा होस्टकडे वळावे. या एका पायरीने शोधाचे क्षेत्र अर्धे होते, आणि तिला काहीच खर्च नाही.

कार्ड कोणते दिसते ते ‘एलएसपीसीआय’ आज्ञा ‘एनएनके’ पर्यायासह चालवून कळते. षोडशमान ओळखक्रमांक असे : व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्सचे व्हीएमएसव्हीजीए १५एडी:०४०५, जुने व्हीबॉक्सव्हीजीए ८०ईई:बीईईएफ, क्यूईएमयूचे मानक व्हीजीए १२३४:११११, क्यूएक्सएल १बी३६:०१००, व्हर्टिओ १एएफ४:१०५०. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएमवेअरचे नाव पाहून गडबडू नये. ते योग्यच आहे. त्याच ओळीखाली ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ लिहिलेला नसेल तर बिघाड सापडला. एलएलव्हीएमपाइप चालू आहे का हे ‘जीएलएक्सइन्फो -बी’ सांगते. मागच्या बूटचा कर्नल-लॉग ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ ने मिळतो.

लॉगमधील प्रत्येक लाल ओळ दोषी नसते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएमडब्ल्यूजीएफएक्स ‘होस्टला लॉग-संदेश पाठवता आला नाही’ अशी चूक नोंदवतो. अलीकडचे कर्नल ‘असमर्थित हायपरवायझर’ असाही इशारा देतात. हे दोन्ही संदेश चांगल्या चालणाऱ्या मशीनांतही दिसतात. त्यांच्यामागे लागून फार वेळ वाया जातो.

काही बिघाड दिसतात पडद्याचे, पण असतात दुसरेच. अपग्रेडने व्हर्च्युअल डिस्क भरली की लॉगिन व्यवस्थापक उभा राहत नाही. ‘डीएफ -एच’ आधी पाहावे. बूट विभाग भरला तर नव्या कर्नलची आरंभिक प्रतिमा अर्धवट राहते. घरच्या फोल्डरमधील ‘एक्सऑथॉरिटी’ फाइलीची मालकी रूटकडे गेली, की पासवर्ड बरोबर असूनही एक्सचा वापरकर्ता पुन्हा लॉगिनवर येतो. जुनी ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ फाइल काढून टाकलेल्या ड्रायव्हरचे नाव सांगत बसली असेल तर एक्स सुरूच होत नाही. ती बाजूला ठेवली की एक्स स्वतः कार्ड ओळखतो.

‘नोमोडसेट’ हा कर्नल-पर्याय निदानासाठी आहे. त्याने व्हर्च्युअल कार्डाचा ड्रायव्हर चढतच नाही आणि फर्मवेअरच्या साध्या चौकटीवर काम चालते. तो ग्रबच्या कायम सेटिंगमध्ये विसरला, तर पुढे रेझोल्यूशन न बदलण्याचे कारण तोच ठरतो.

मराठी लोकेल वापरणाऱ्यांसाठी : लिनक्सच्या मजकूर-कन्सोलमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चिन्हे असतात आणि देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याची सोय नाही. त्यामुळे मराठीतील संदेश तिथे चौकोन होऊन येतात आणि कन्सोलही बिघडला असा समज होतो. आज्ञेआधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहिले की संदेश इंग्रजीत व वाचनीय येतात; शोध घेण्यासही तेच उपयोगी.

एक्स की वेलँड : फेडोराने २०१६ च्या २५व्या आवृत्तीत ग्नोमसाठी वेलँड मूलभूत केले. उबुंटूने १७.१० मध्ये ते स्वीकारले, १८.०४ मध्ये माघार घेतली आणि २१.०४ मध्ये पुन्हा स्वीकारले. व्हीएममध्ये कोणते अधिक स्थिर यावर जाणकारांत एकमत नाही. उत्तर कार्ड आणि आवृत्तीनुसार बदलते. ग्नोमच्या जीडीएम या लॉगिन व्यवस्थापकाच्या ‘कस्टम.कॉन्फ’ मध्ये ‘वेलँडएनेबल=फॉल्स’ लिहून एक्सवर परतण्याचा सल्ला सर्वत्र आढळतो, पण ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मधून ग्नोमचे एक्स सेशनच काढल्याने तिथे तो निरुपयोगी आहे. ‘सीव्हीटी’ने मोड मोजून ‘एक्सरँडर’ने जोडण्याची पद्धतही फक्त एक्समध्ये चालते. डेस्कटॉप ठीक दिसून केवळ काही ॲप्सच्या खिडक्या कोऱ्या राहत असतील, तर ती जीटीके ४ ची आहेत का पाहावे. २०२४ च्या ४.१४ आवृत्तीने रेखाटनाची नवी पद्धत मूलभूत केली. ‘जीएसके_रेंडरर’ हे चल ‘जीएल’ किंवा ‘कैरो’ करून खात्री करता येते.

क्यूईएमयू–केव्हीएम : क्यूएक्सएल आणि स्पाइस ही जोडी क्युमरानेट कंपनीची, रेड हॅटने ती २००८ मध्ये विकत घेतली व २००९ मध्ये स्पाइस खुले केले. व्हर्टिओ-जीपीयूचा ड्रायव्हर २०१५ च्या ४.२ कर्नलपासून आहे आणि आज लिनक्स गेस्टसाठी तोच घ्यावा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मधून स्पाइस काढले गेले. त्यामुळे ८ वरून ९ वर नेलेल्या होस्टवर स्पाइसची मशीने सुरूच होत नाहीत. त्यांच्या व्याख्येत स्पाइसऐवजी व्हीएनसी आणि क्यूएक्सएलऐवजी व्हर्टिओ लिहावे लागते. स्पाइस असलेल्या होस्टवर आकार आपोआप बदलण्यासाठी गेस्टमध्ये ‘स्पाइस-व्हीडीएजंट’ हवा.

व्हीएमवेअर : ‘ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप’ हे पॅकेज डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातून घ्यावे, सीडीवरील जुनी साधने असल्यास आधी काढावीत. ड्रायव्हर २०१० पासून कर्नलमध्ये असल्याने येथे कर्नल बदलल्याचे बिघाड तुलनेने कमी.

हायपर-व्ही : कर्नलच्या डीआरएम या ग्राफिक्स विभागात स्वतंत्र ड्रायव्हर २०२१ च्या ५.१४ पासून आहे.