शुष्क रक्तबिंदू परीक्षण

शुद्ध कापूसतंतूंच्या विशिष्ट गालनपत्रावर रक्ताचे थेंब शोषवून व वाळवून पुढे प्रयोगशाळेत त्यांचे परीक्षण करण्याची पद्धती. अमेरिकन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी फिनिलकीटोन्यूरिया या जन्मजात चयापचयविकृतीच्या निदानासाठी शोधलेली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी हिच्या प्रसारास मुख्यत्वे कारणीभूत झाली. तीत वाढरोधक द्रव्य मिसळलेल्या आगरावर रक्तयुक्त कागदाची चकती ठेवीत. रक्तात फिनिल ॲलॅनीन अधिक असल्यास त्या रोधास न जुमानता चकतीभोवती बॅसिलस सबटिलिस जंतूंची वाढ होई.

नवजात अर्भकाच्या टाचेची कड निर्जंतुक करून सुईने टोचतात आणि पहिला थेंब पुसून, दुसरा कागदावरील वर्तुळात एकाच बाजूने आरपार भिनू देतात. थेंबावर थेंब टाकल्यास किंवा वर्तुळ अपुरे भरल्यास नमुना नामंजूर होतो. उन्हापासून दूर, आडव्या स्थितीत किमान तीन-चार तास वाळवलेला कागद आर्द्रताशोषकासह बंद पिशवीत घालून टपालानेही रवाना करता येतो. शीतपेटीची बहुधा जरूर पडत नाही.

प्रयोगशाळेत सुमारे ३ मिमी. व्यासाची चकती कापून तीतील घटक द्रावणात उतरवतात व अवटू-न्यूनता, चयापचयविकृती, अर्भकांतील एचआयव्ही संसर्ग इत्यादींचा तपास करतात. रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणानुसार थेंबाचा पसारा बदलत असल्याने मापनात फरक पडू शकतो. म्हणून चाळणी परीक्षणात सदोष ठरलेल्या नमुन्याची स्वतंत्र चाचणीने खातरजमा केल्याखेरीज निदान निश्चित मानीत नाहीत.