राइटचा होकार: फाइल सिस्टीम कॉलचा छोटा इतिहास

सी भाषेत फाइल हाताळायची म्हटलं की ओपन, रीड, राइट, क्लोज एवढे चार सिस्टीम कॉल आपण शिकतो. ते इतके साधे आहेत की हा साधेपणा कोणीतरी ठरवून आणला, हे आपल्या लक्षातच येत नाही.

१९६० च्या दशकात आयबीएमच्या ओएस/३६० वर फाइल वापरायची, तर रेकॉर्डची लांबी किती, ब्लॉक केवढा, हे सगळं आधी ठरवावं लागे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला सुरुवात केली, तेव्हा ही सगळी भानगड काढून टाकली. फाइल म्हणजे बाइटांची एक रांग, बस्स. आतल्या मजकुराचा अर्थ प्रोग्रामने लावायचा, कर्नल त्यात पडणार नाही. ओपन केलं की एक लहानसा पूर्णांक मिळतो, तो फाइल डिस्क्रिप्टर. पुढचा सगळा व्यवहार त्या आकड्यावर. टर्मिनलही तसंच वाचायचं आणि १९७३ मध्ये आलेला पाइपसुद्धा. त्याच वर्षी युनिक्सचं कर्नल सी भाषेत नव्याने लिहिलं गेलं.

आता याची दुसरी बाजू बघा. डिस्क संथ असते, म्हणून कर्नल आपला मजकूर आधी मेमरीत ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. म्हणजे राइटने होकार दिला, तरी मजकूर डिस्कवर पोचला असं नाही. कर्नलने तो स्वीकारला, एवढंच. मध्येच वीज गेली तर? यासाठी १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये एफसिंक हा कॉल आला: डिस्कवर उतरव, मगच परत ये.

प्रश्न तिथेही मिटला नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आलं, की लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी ठरला आणि तो पुन्हा केला, तर दुसऱ्यांदा 'झालं' असं उत्तर येऊ शकतं, आणि मजकूर मात्र गेलेला असतो. म्हणून २०१९ पासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न करत बसत नाही. सरळ थांबतं आणि आपल्या नोंदवहीवरून, म्हणजे लॉगवरून, सावरतं.

तेव्हा राइटने परत दिलेला आकडा आपण वाचायलाच हवा. मागितले शंभर बाइट आणि लिहिले गेले साठ, असंही होतं. उरलेले चाळीस लिहिणं कर्नलचं नव्हे, आपलं काम.