'हार्वेस्ट'नंतर काय ऐकावं?

नील यंगचा 'हार्वेस्ट' (१९७२) ऐकून झाला की प्रश्न ठरलेला, आता पुढचा कुठला? यादी बघूनच दडपण येतं! मी आपला प्रकाशनाच्या क्रमाने गेलो आणि फसलो. आधी 'ऑन द बीच' (१९७४), मग 'टुनाईट्स द नाईट' (१९७५). वाटलं, गडी सावरता सावरता पुन्हा कोसळला की काय?

नंतर कळलं, 'टुनाईट्स' बराचसा १९७३च्या ऑगस्टमध्येच ध्वनिमुद्रित झाला होता. बाहेर यायला जवळजवळ दोन वर्षं लागली. नोव्हेंबर १९७२ मध्ये गिटारवादक डॅनी व्हिटनला व्यसनापायी वाजवणं जमेना, म्हणून यंगने त्याला तालमीतून घरी पाठवलं. त्याच रात्री तो गेला. पुढच्या वर्षी वाद्यांची ने-आण बघणारा ब्रूस बेरी हेरॉईनने गेला. हा अल्बम त्या दोघांचा. १९७०च्या कार्यक्रमातलं एक गाणं तर खुद्द डॅनीच्या आवाजात आहे... अंगावर काटा येतो.

म्हणून माझं ऐका, आधी 'टुनाईट्स', मग 'बीच'. मित्र घरी परत पाठवल्याचं ओझं घेऊन हा माणूस कसा चालत राहिला, ते या क्रमाने ऐकू येतं. 'हार्वेस्ट'ची गोडी मात्र तिथे शोधू नका.

असो. तुम्ही कुठून सुरुवात केलीत?