एक इंचात आठ इंच: ऐतिहासिक पोशाखांचे खाके कसे वाढवावेत?

१/ डिसेंबर १५६२ मध्ये फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा दि तोलेदो मरण पावली. १९४७ मध्ये तिची कबर उघडली गेली, तेव्हा दफनाच्या वेळी अंगावर असलेल्या रेशमी पोशाखाचे जीर्ण अवशेष हाती आले. हा पोशाख आता कोणालाही परिधान करता येणार नाही. त्याचा खाका मात्र कोणालाही कागदावर पुन्हा आखता येतो. तो कसा आखावा आणि आखताना इतिहास कुठे निसटतो, यासाठी हा थ्रेड.

२/ हे शक्य झाले ते ब्रिटिश अभ्यासक जॅनेट अर्नोल्ड (१९३२–१९९८) यांच्यामुळे. संग्रहालयांतील अस्सल कपडे मोजून त्यांनी त्यांचे खाके काढले आणि कडेला शिवण, अस्तर, जोड यांच्या बारीक नोंदी केल्या. ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’चा पहिला खंड १९६४ मध्ये आला. १५६० ते १६२० या काळावरील खंड १९८५ चा. एलिओनोराचा पोशाख त्यात आहे.

३/ या खाक्यांचे प्रमाण एकास आठ. पुस्तकातील १/८ इंचाचा चौकोन म्हणजे प्रत्यक्षातील १ इंच. नकाशा वाचताना आपण प्रमाण पाहतो, तसेच हे. फरक इतकाच, की नकाशावरून कोणी डोंगर बांधत नाही. खाक्यावरून मात्र कापड कापायचे असते.

४/ पहिला मोह फोटोकॉपीचा. आठपट वाढ एका फेरीत होत नाही, म्हणून प्रतीची प्रत काढावी लागते. पुस्तकाच्या बांधणीजवळ पान वाकलेले असते. तेथील आकार दबतो आणि तो दोषही आठपट होतो. ०.३ मिलिमीटरची रेघ २.४ मिलिमीटर जाड होते. मग कात्री रेघेच्या आतून चालवायची की बाहेरून?

५/ जुनी रीत अधिक विश्वासार्ह आहे. १ इंचाचे चौकोन आखलेला मोठा कागद घ्यावा. आकार नजरेने न उतरवता बिंदू उतरवावेत: खांद्याचे टोक डावीकडून किती चौकोन, खालून किती. सरळ कडेला दोन बिंदू पुरतात. गळा आणि मुंढा यांच्या वळणावर ते जवळजवळ हवेत. सर्व बिंदू आल्यावरच रेघ ओढावी.

६/ पुस्तकावर मोजताना झालेली अर्ध्या मिलिमीटरची चूक कागदावर ४ मिलिमीटर होते. चोळीचे चार तुकडे म्हणजे उभ्या शिवणीच्या आठ कडा. चूक प्रत्येक कडेला एकाच दिशेने झाली, तर घेरात ३२ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून एकमेकींना शिवायच्या दोन कडा टेपने मोजून ताडून पाहाव्यात.

७/ त्या जुळल्या नाहीत, तरी लगेच ‘दुरुस्ती’ करू नये. मूळ शिंप्याने एक कड मुद्दाम लांब ठेवून तिच्या चुण्या घेतलेल्या असू शकतात. आधी कडेच्या नोंदी वाचाव्यात. कापडाच्या उभ्या धाग्याची खूणही उतरवून घ्यावी. उभ्यावर बेतलेला तुकडा उरेब कापला, तर त्याची ठेवणच बदलते.

८/ दुसरा मोह सरसकट फुगवण्याचा. समजा, मूळ चोळीची छाती ८० सेंटिमीटर आहे आणि आपल्याला १०० हवी. सगळाच खाका २५ टक्क्यांनी वाढवला, तर ३८ सेंटिमीटरची पाठ ४७.५ होईल आणि कंबरेची रेघ नितंबांवर उतरेल. माणसाची छाती वाढली म्हणून त्याची पाठ तेवढ्याच प्रमाणात लांब होत नाही.

९/ शिवाय तो देह नुसता नव्हता. अठराव्या शतकातील युरोपीय स्त्रीचा झगा ताठ काड्या घातलेल्या आतल्या चोळीवर चढत असे. म्हणून आधी ती चोळी शिवावी, ती घालून मापे घ्यावीत आणि मगच झग्याचा खाका मांजरपाटावर कापून पाहावा. त्या काळची अरुंद पाठ आणि मागे सरकलेली खांद्याची शिवण पाहून आकृती चुकली असे वाटते; पण तीच त्या काळची बेतणी होती.

१०/ आता त्याही मागे जाऊ. माद्रिदमध्ये १५८० मध्ये हुआन दे अल्सेगा या शिंप्याचे पुस्तक छापले गेले. शिवणकलेवरील सर्वांत जुन्या छापील पुस्तकांपैकी हे एक. त्यात चौकोनी जाळी नाही. चित्रे लहान असून कडेला ‘व्हारा’ या मापाचे अपूर्णांक अक्षरांनी दिले आहेत. येथे चित्र मोठे करून उपयोग नाही. लिहिलेली मापे वाचूनच आकृती उभी करावी लागते.

११/ कास्तीलचा व्हारा सुमारे ८४ सेंटिमीटरचा. इतर प्रांतांत तो वेगळा. आपल्याकडील जुन्या कागदांतले गज आणि तसू वाचताना जी सावधगिरी लागते, तीच येथेही. मापाचा गाव चुकला, की सगळा पोशाख चुकतो.

१२/ अल्सेगाची चित्रे मुळात कापड कसे बेतावे हे दाखवतात. रेशमाचा पन्हा दोन-तृतीयांश व्हारा, म्हणजे जेमतेम ५६ सेंटिमीटर. घेर त्यात मावत नसे. म्हणून उरलेले तुकडे कडेला जोडले जात. आजच्या रुंद पन्ह्यात हे जोड लागत नाहीत, म्हणून पोशाख पुन्हा शिवणारे ते सर्रास गाळतात. पोशाख तरीही सुंदर दिसतो. पण त्या काळी कापड किती महाग होते, याचा पुरावा त्यातून पुसला जातो.

१३/ एलिओनोराचे चरित्र लिहिले गेले. तिच्या काळातील बहुतेक शिंप्यांनी मात्र स्वतःविषयी एक ओळही मागे ठेवलेली नाही. त्यांनी कुठे काटकसर केली आणि कुठे हात सैल सोडला, हे फक्त कापडाच्या कडांत उरले आहे. आपण ‘सोय’ म्हणून एखादी कड सरळ करतो, तेव्हा त्यांची ती एकमेव साक्ष बदलतो.

१४/ म्हणून एक साधा नियम: खाका वाढवल्यावर त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक मूळ मापाची, तिला हात लावायचा नाही. दुसरी आपल्या अंगाच्या मापाची. तिच्यावर प्रत्येक बदल तारखेसह वेगळ्या रंगात लिहावा. पुढे कोणी विचारले, ‘हे खरेच सोळाव्या शतकातले आहे का?’ तर दोन्ही कागद शेजारी ठेवून उत्तर देता येईल.